वृक्कातील गाठ आणि कांचनार गुग्गुळ

सोनोग्राफीच्या अहवालात वृक्कात गाठ दिसली, की 'ग्रंथी' समजून कांचनार गुग्गुळ सुरू करण्याची घाई आपल्यापैकी काहींकडून होते. औषधविक्रेतेही तो सहज देतात. हे मला अयोग्य वाटते. अँजिओमायोलायपोमा ही सौम्य गाठ सोनोग्राफीत उजळ दिसते खरी. परंतु काही लहान कर्करोगही तसेच दिसतात. सीटी स्कॅनमध्ये गाठीत मेद आढळला, तरच हे निदान बहुतांशी पक्के होते. ती ४ सेंटिमीटरहून मोठी असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. ऑन्कोसायटोमाचे तर त्याहून कठीण. सीटीवरही तो कर्करोगापासून खात्रीने वेगळा ओळखता येत नाही. वेदना नाही, मूत्र स्वच्छ आहे, एवढ्यावर विसंबू नये. अशा रुग्णाच्या हाती मी प्रथम मूत्ररोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी देतो. गुग्गुळाचा विचार नंतर.