नावं विसरायच्या आधी विचारा



साठीवरच्यांच्या तपासणीचा फॉर्म भरायला या आठवड्यात आशाताई घरी आल्या. सासूबाईंना त्यांनी विचारलं, "जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का?" सासूबाईंनी मुंबईतल्या नातवंडांसकट सगळ्यांची नावं घडाघडा सांगितली. 'नाही' लिहिलं, विषय संपला. आशाताईंचा दोष नाही, त्यांनी छापलेलंच विचारलं. दोष त्या प्रश्नाचा आहे.

नावं विसरेपर्यंत आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. सुरुवात होते ती कामात आणि वागण्यात. दहा दिवसांच्या दुधाच्या बिलाचा हिशेब तोंडी करणाऱ्या आमच्या सासूबाई सुट्ट्या पैशांत अडखळू लागल्या. म्हशीला पेंड घालून पुन्हा घालायला उठायच्या. रोजच्या पायवाटेवर चुकल्या, तर गाव म्हणालं, चकवा लागला. स्वतःच तांदळाच्या डब्यात पैसे ठेवले आणि चोरीचा आळ माझ्यावर घेतला. मी वर्षभर अबोला धरला. शेवटी कोल्हापूरला डॉक्टरांनी सांगितलं, हा डिमेन्शिया आहे. ते वर्ष आता मला परत मिळणार नाही.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीवरच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण शहरात 5.3 टक्के, तर खेड्यात 8.4 टक्के आहे. खेड्यात जास्त! आणि खेड्यातच त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतात. मुंबईतल्या लेकाशी आई फोनवर दोन मिनिटं नीट बोलते, म्हणून त्यालाही पटत नाही.

म्हणून माझी मागणी एकच आहे. प्रश्न म्हाताऱ्या माणसाला नव्हे, घरातल्या सुनेला, लेकीला विचारा : वर्षभरात हिशेबात, स्वयंपाकात, वाट सापडण्यात, स्वभावात फरक पडला का? उत्तर 'हो' आलं तर लगेच तपासणीला पाठवा. बी-12 कमी पडलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी असा विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. तेही न पाहता माणूस वाया गेला म्हणायचं?

आणखी एक सांगायचं आहे. अशा माणसांचे अंगठे जमिनीच्या कागदांवर घाईघाईने उठवले जातात. सकाळचं जेवण ज्यांना संध्याकाळी आठवत नाही, त्यांची कसली संमती? तलाठ्यापासून भावकीपर्यंत सगळ्यांनी याचा विचार करावा.

फॉर्ममधली एक ओळ बदलायला पैसा लागत नाही. ती बदला.

— एक सून, ता. शाहूवाडी, जि. कोल्हापूर