शोपँचा पियानो : जुन्या वाद्यावर नवे ध्वनिमुद्रण कशासाठी?

१/ फ्रेडरिक शोपँचे निधन १८४९ साली झाले. स्टाइनवे कंपनी स्थापन झाली १८५३ साली. तरीही शोपँच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत आपण ऐकतो तो स्टाइनवेचा किंवा त्याच धर्तीचा, म्हणजे शोपँने कधीही न पाहिलेला पियानो. यात बिघडते काय? आणि जुन्या वाद्यावर मुद्रण केल्याने साधते काय? आजचा धागा याविषयी.

२/ आधी दोन वाद्यांतील फरक. आजच्या ग्रँड पियानोत ओतीव लोखंडाची अखंड चौकट असते आणि ती सुमारे वीस टनांचा एकत्रित ताण पेलते. खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या जातात; तारांवर आघात करणाऱ्या हातोड्या जड असून त्यांवर दाट फेल्ट असते. १८४०च्या दशकातील पॅरिसचा प्लेयेल पियानो मुख्यतः लाकडी होता. त्याच्या तारा बारीक आणि सरळ, हातोड्या हलक्या. पट्टीही कमी खोल दाबावी लागे.

३/ परिणाम असा की प्लेयेलचा स्वर लहान असतो आणि लवकर विरतो. खर्ज, मध्य आणि तार या तिन्ही भागांचा पोत वेगवेगळा लागतो. आधुनिक पियानोने हा भेद पुसत नेला आणि एकसंध, भरघोस, दीर्घकाळ टिकणारा स्वर मिळवला. ती प्रगती खरी. पण तिच्यासाठी मोजलेली किंमतही खरी.

४/ माझे मत असे : जुन्या वाद्याचे समर्थन ‘अस्सलपणा’च्या नावाने करू नये. शोपँची बोटे गेली, त्याचे श्रोतेही गेले. समर्थनाचे खरे कारण अधिक साधे आहे. स्वरलेखनातील ज्या खुणा आज आपल्याला विचित्र वाटतात, त्या जुन्या वाद्यावर सरळ अर्थ देऊ लागतात.

५/ उदाहरण : ओपस २८ मधील सतरावे प्रिल्यूड. शेवटाकडे खर्जातला एकच स्वर, कोमल ए, अकरा वेळा ठणकावला जातो आणि त्याच वेळी वरची धून कुजबुजल्यासारखी वाजवायची असते. आधुनिक पियानोवर खर्जाचा तो ठोका सूचनेबरहुकूम दिला तर धून बुडते. म्हणून वादक ठोका सौम्य करतो. प्लेयेलवर ठोका स्पष्ट उमटतो आणि लगेच मागे सरतो. शोपँने लिहिले तसेच वाजवता येते.

६/ दुसरे उदाहरण ‘बेर्स्योझ’, ओपस ५७, अर्थात अंगाई. जवळजवळ संपूर्ण रचनाभर डाव्या हाताखाली एकच आधारस्वर परतून येत राहतो आणि उजवा हात त्याच्यावर अलंकार विणतो. तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या आपल्या श्रोत्याला ही कल्पना उकलून सांगावी लागत नाही. तानपुरा गायकाच्या पुढे येत नाही. तसाच जुन्या पियानोचा खर्ज आपणहून मागे राहतो.

७/ आक्षेप येतो : मग जग मोठ्या पियानोकडे वळले कशाला? उत्तर सभागृहात आहे. शोपँ हा मैफलीचा कलावंत. पॅरिसमधील त्याचा अखेरचा कार्यक्रम १६ फेब्रुवारी १८४८ रोजी प्लेयेलच्याच दालनात, सुमारे ३०० श्रोत्यांसमोर झाला. पुढे सभागृहे हजारोंची झाली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणे ही वाद्याची पहिली जबाबदारी ठरली.

८/ परंतु ध्वनिमुद्रणात शेवटची रांग नसतेच! मायक्रोफोन वाद्यापासून काही हातांवर असतो आणि ऐकणारा आपल्या खोलीत बसलेला असतो. ज्या गरजेपोटी आवाज मोठा केला, ती गरजच इथे उरत नाही. म्हणून मला वाटते, जुन्या पियानोची हक्काची जागा आजच्या भव्य सभागृहापेक्षा ध्वनिमुद्रणातच अधिक आहे.

९/ दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : संगीतकारांना नवी वाद्ये हवीच होती. खरे आहे. लिस्ट १८८६ पर्यंत जगला आणि उतारवयात त्याच्याकडे अमेरिकन पियानोही होते. ब्राम्सच्या व्हिएन्नातील घरी १८६८चा श्ट्राइशर होता. म्हणजे ‘रोमँटिक काळाचे वाद्य’ असे एकच वाद्य नाही. प्लेयेलवर लिस्टची उत्तरकालीन रचना वाजवणे हाही कालविपर्यासच.

१०/ आता नाजूक प्रश्न : मूळ वाद्य की प्रतिकृती? जुन्या वाद्याचे लाकूड, चामडे, तारा वापराने झिजतात. दुरुस्तीत नवे भाग घातले की वाद्य वाजते, पण मूळ घडणीचा पुरावा नष्ट होतो. एकदा गेलेला पुरावा परत येत नाही.

११/ वॉर्सा शहराला हे चांगले ठाऊक आहे. शोपँच्या तारुण्यातला बुखहोल्त्स पियानो १८६३ साली रशियन सैनिकांनी झामोयस्की राजवाड्याच्या खिडकीतून खाली फेकला. पुढे तेथील शोपँ संस्थेने पॉल मॅकनल्टी यांच्याकडून बुखहोल्त्स पियानोची प्रतिकृती करवून घेतली. याच संस्थेने १८४८चा प्लेयेल आणि १८४९चा एरार यांवर शोपँच्या रचना मुद्रित केल्या, आणि २०१८ साली कालोचित वाद्यांवरील स्वतंत्र स्पर्धाही सुरू केली.

१२/ हा मार्ग मला योग्य वाटतो : नित्याच्या मुद्रणासाठी उत्तम प्रतिकृती, आणि मोजक्या प्रसंगी, साक्षीदार म्हणून, मूळ वाद्य. प्रतिकृतीला कमी लेखण्याचे कारण नाही. शोपँपुढचा पियानो नवाकोरा होता, पावणेदोनशे वर्षांचा नव्हे. त्या अर्थी नवी प्रतिकृती त्याच्या अनुभवाच्या अधिक जवळची असू शकते.

१३/ प्रकाशकांकडून मात्र एक अपेक्षा ठेवावी. मुखपृष्ठावर ‘शोपँचा खरा आवाज’ असे छापण्याऐवजी वाद्याचे वर्ष, निर्माता, बदललेले भाग आणि स्वर कोणत्या उंचीवर लावला, एवढे आत लिहावे. पट्ट्यांची खटखट आणि पेडलची कुरकुर संपादनात पूर्ण पुसू नये. तोही त्या वाद्याच्या बोलण्याचा भाग आहे.

१४/ आधुनिक पियानोवरचा शोपँ टाकाऊ ठरतो, असे इथे म्हणायचे नाही. मात्र तो एक अनुवाद आहे, आणि मूळ भाषा ऐकण्याची सोय असताना अनुवादालाच मूळ समजत राहणे बरे नव्हे. ‘बेर्स्योझ’ दोन्ही प्रकारच्या वाद्यांवर, एकापाठोपाठ एक ऐकून पाहा. ही रचना पाच मिनिटांच्या आसपासच संपते. डावा हात कुठे आपणहून मागे राहतो आणि कुठे त्याला मागे ठेवावे लागते, एवढ्याकडे लक्ष द्या.