पांढऱ्याची चमक आणि कपड्याची पाकी

ईदच्या खरेदीत पांढरा कुर्ता घेताना आपण दोन-तीन कुर्ते शेजारी ठेवून पाहतो. ज्याला किंचित निळसर झाक आहे, जो डोळ्यांत भरतो, तोच उचलला जातो. बाकीचे त्याच्यापुढे मळके वाटतात. सहा महिन्यांनी तोच कुर्ता पिवळट पडला की बोल लागतो तो घरात कपडे धुणाऱ्या स्त्रीला. "पावडर कमी टाकली असेल", "नीट घासला नसेल", असे कोणीतरी बोलून जाते. तिच्या धुण्यात बहुतेक वेळा काहीच खोट नसते. त्या पांढऱ्या कुर्त्यावर एक रंग चढवलेला होता आणि तो उतरला, एवढेच झालेले असते.

पांढऱ्यावर रंग कसला, असे वाटेल. पण कापडाला चढवले जाणारे सगळेच रंग शोभेसाठी नसतात. काही रंगांना एखादे काम नेमून दिलेले असते. रस्त्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या जाकिटाचा झगझगीत पिवळा-हिरवा रंग वाहनचालकाला दुरून दिसावा म्हणून असतो. सैनिकांच्या गणवेशाचे रंग असे निवडतात, की इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पाहिले तरी कापड झाडापाल्यात मिसळून जावे. ऊब लागताच बदलणारे रंगही आहेत. वस्त्ररसायनात अशा रंगांना कार्यात्मक रंग म्हणतात. आपण त्यांना 'कामाचे रंग' म्हणू. यांपैकी आपल्या घरात सर्वांत जास्त येणारा रंग म्हणजे पांढरेपणा वाढवणारा ऑप्टिकल ब्राइटनर. टिनोपाल, रानीपाल ही नावे दादी-नानींच्या पिढीला चांगली आठवत असतील. धुतलेले कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना त्यात ही पूड चिमूटभर टाकत. आता ती वेगळी आणावी लागत नाही, कारण बहुतेक धुण्याच्या पावडरीत ती आधीच मिसळलेली असते.

कापूस मुळात पूर्ण पांढरा नसतो. मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरलेले कोरे कापड पाहिले असेल, तर त्याची पिवळट-मातकट छटा लक्षात असेल. हे कापड पुढे प्रोसेसिंगच्या कारखान्यात जाते. तिथे आधी सुताला लावलेली खळ काढतात, मग कॉस्टिक सोड्यात उकळून कापसातले मेण आणि मळ काढतात आणि नंतर हायड्रोजन पेरॉक्साइडने विरंजन करतात. एवढे सगळे करूनही बारीकशी पिवळी झाक उरते. कापूस निळा प्रकाश थोडा जास्त शोषून घेतो, म्हणून तो पिवळट दिसतो.

ही झाक मारण्याचा जुना उपाय म्हणजे नीळ. निळीचे कण पिवळा प्रकाश शोषतात, त्यामुळे पिवळेपणा झाकला जातो. पण यात प्रकाशाची एकूण घटच होते. म्हणून नीळ जास्त झाली की कपडा राखाडी-निळा दिसू लागतो.

ब्राइटनर उलट वाटेने जातो. तो प्रकाश कमी करत नाही, वाढवतो. सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ब्राइटनर ते किरण शोषतो आणि तीच ऊर्जा निळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. मलेरियावर दिल्या जाणाऱ्या क्विनाइनचे पाणी उन्हात निळे का चमकते, हे जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये याच रीतीने समजावून दिले. कापडावर हा गुण वापरून पाहिला तो पॉल क्राइस या जर्मन संशोधकाने, १९२९ मध्ये. हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडातून मिळणारे एस्क्युलिन हे द्रव्य त्याने कापडाला लावले. कापड उजळले, पण चमक टिकली नाही. पुढे रंगांच्या कारखान्यांनी सुतीला चिकटून राहणारी रसायने बनवली. १०० किलो कापडाला साधारण अर्ध्या किलोच्या आतच ब्राइटनर लागतो, इतका तो प्रभावी आहे. पिवळट कापडातून आता निळा प्रकाशही बाहेर पडतो. दोन्ही मिळून कापड पांढरेशुभ्र दिसते आणि उन्हात तर त्याहूनही उजळ.

याची परीक्षा घरी करता येते. नोटा तपासायचा जांभळ्या प्रकाशाचा दिवा एखाद्या दुकानात मिळाला, तर अंधारात त्याखाली नवा कुर्ता धरा. तो निळाभोर चमकेल. साधा छपाईचा कागदही चमकेल, कारण त्यातही ब्राइटनर असतो. खऱ्या नोटेचा कागद मात्र जवळपास काळपट राहील आणि तिच्यावरचे क्रमांक उजळून दिसतील. दिवा नसला तरी कपडा घेताना एक गोष्ट करता येते. कपडा दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहा आणि पुन्हा आतल्या एलईडी दिव्याखाली पाहा. बहुतेक एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळपास नसतात. त्यामुळे बाहेर झळकणारा कपडा आत साधा दिसला, तर त्याची चमक ब्राइटनरची आहे असे समजावे. कापडाचा कस पाहायचा असेल तर सूत, विणीची घट्टी आणि शिवण पाहावी. चमकेवरून यातले काहीच कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्राइटनर मळ काढत नाही. मळ काढतात ते पाणी, साबण आणि चोळणे. पावडरीतला ब्राइटनर दर धुण्याला कापडावर थोडा थोडा चढत जातो आणि उरलेला पिवळेपणा डोळ्यांना दिसेनासा करतो. म्हणजे नीट न निघालेला कपडाही चमकू शकतो आणि अगदी स्वच्छ कपडाही फिका दिसू शकतो. डॉक्टरी कामात याचे भान ठेवलेले आहे. जखमेवर लावायच्या कापसाचे दर्जे ठरवणाऱ्या ब्रिटिश आणि युरोपीय फार्माकोपियात एक अट आहे. असा कापूस अतिनील दिव्याखाली धरला तर त्याने गडद निळे चमकता कामा नये. स्वच्छतेची सर्वांत जास्त गरज जिथे असते, तिथे ही चमक नकोशी ठरते.

आपल्या शरीअतचा विचारही इथे आठवतो. पांढऱ्या कपड्याला हदीसमध्ये पसंती दिली आहे, जिवंतांसाठी आणि मय्यतीच्या कफनासाठीही. परंतु नमाजसाठी अट आहे ती कपडा पाक असण्याची, चमकदार असण्याची नव्हे. नापाकी लागली तर ती पाण्याने धुऊन काढायची. नीट प्रयत्न करूनही एखाद्या डागाचा नुसता रंग निघतच नसेल, तर तो माफ आहे आणि कपडा पाक मानला जातो. बारीकसारीक तपशील आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. पण ही सवलत घरातल्या मुलींना माहीत असायला हवी. धुतलेल्या सलवारीवर फिकट खूण उरली म्हणून नमाज पुढे ढकलणाऱ्या, पुन्हा पुन्हा ब्लीच ओतून हात सोलून घेणाऱ्या मुली आपल्या घरांत आहेत. लाजेपायी त्या कोणाला विचारत नाहीत. हे त्यांना अम्मीने किंवा मोठ्या बहिणीने आपणहून सांगावे. ताजा रक्ताचा डाग थंड पाण्यात भिजवून काढावा, हेही सोबत सांगावे. गरम पाण्याने तो धाग्यात पक्का बसतो.

दुसरा विचार शाळेच्या गणवेशाचा. अनेक शाळांत शनिवारी पांढरा गणवेश असतो. ज्या घरात महागडी पावडर येते, त्या मुलाचा शर्ट मैदानावर झळकतो. साध्या साबणाच्या वडीने धुतलेला शर्ट तितकाच स्वच्छ असून फिका दिसतो, आणि ते मूल 'मळके' ठरते. टेरिकॉटमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. पावडरीतला नेहमीचा ब्राइटनर सुती धाग्यावर बसतो, पॉलिएस्टरवर फारसा बसत नाही. पॉलिएस्टरचा ब्राइटनर कारखान्यातच घातलेला असतो. तो उतरला की घरी कितीही पावडर ओतून पहिली चमक परत येत नाही. शिक्षक वाचकांनी मुलाची कॉलर आणि नखे जरूर पाहावीत, पण शर्टाच्या चमकेवरून त्याच्या घराची पारख करू नये.

ब्राइटनर म्हणजे केवळ फसवणूक, असेही समजू नये. त्याचा एक खरा उपयोग आहे. पातळ पांढरे सुती कापड उन्हातले अतिनील किरण फारसे अडवत नाही. कापडाची ही ताकद यूपीएफ या अंकाने मोजतात. यूपीएफ ५ म्हणजे पाचातला एक भाग किरण आरपार जातात, आणि ५० म्हणजे पन्नासातला एक. पातळ पांढऱ्या सुती कापडाचा अंक बहुधा कमीच असतो आणि घामाने भिजल्यावर तो आणखी घटतो. ब्राइटनर हे किरण स्वतःच शोषून घेत असल्याने सुती कापडाचा यूपीएफ वाढतो. गडद रंग आणि दाट वीण यांनीही तो वाढतो. लहान मुलांना उन्हात पाठवताना पातळ पांढऱ्यापेक्षा दाट विणीचा किंवा गडद रंगाचा सैल कपडा त्वचेला जास्त जपतो.

हा कामाचा रंग नीट वापरायचा तर काही गोष्टी पाळाव्यात.

ब्राइटनर उन्हात काम करतो आणि उन्हानेच झिजतो. म्हणून नवे चमकदार पांढरे कपडे उलटे करून सावलीत, वाऱ्यावर वाळत घालावेत.

क्रीम, मोतिया, बदामी अशा फिक्या रंगांचे कपडे नेहमीच्या पावडरीत धुतले तर ते निळसर पांढरे होत जातात. मोतिया शेरवानीचा अस्सल रंग याच कारणाने हरवतो. अशा कपड्यांसाठी ब्राइटनर नसलेली पावडर किंवा सौम्य द्रव साबण घ्यावा. पुडक्यावरील घटकांत 'ऑप्टिकल ब्राइटनर' किंवा 'फ्लुरोसर' असे लिहिले आहे का, ते पाहावे.

पिवळटपणा आला की लगेच क्लोरीनचे ब्लीच ओतू नये. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ब्लीचमुळे ते गंजासारखे कपड्यावर बसते आणि कपडा आणखी पिवळा होतो. लोकर, रेशीम आणि ताणली जाणारी कापडे ब्लीचने खराब होतात. ब्लीच कधीही संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

तान्ह्या बाळाचे नवे कपडे घालण्यापूर्वी एकदा धुवावेत आणि दर वेळी भरपूर पाण्यातून काढावेत. कपड्यात राहिलेल्या साबणाने बाळाच्या नाजूक त्वचेला कधी कधी त्रास होऊ शकतो.

हज-उमराला निघणाऱ्यांनी इहरामच्या नव्या चादरी घरीच एकदा बिनवासाच्या साबणाने धुऊन घ्याव्यात. कारखान्यात कापड मऊ दिसावे म्हणून लावलेला लेप त्याने बराचसा जातो आणि चादर घाम चांगला टिपते. सुगंधी पावडर आणि कंडिशनर या चादरींना लावू नयेत. धुतल्यावर त्या दुकानातल्यासारख्या झळाळणार नाहीत. त्याची काळजी करू नये. तिथे त्या कामाच्या आहेत त्या पाक आणि घाम टिपणाऱ्या असल्या म्हणजे झाले.