घरांतील यंत्रें : पाणी सोडतांना वीज कां जाते?

कपडे धुण्याच्या यंत्राची आणि विजेची कुरबुर नेमकी कोणत्या क्षणीं सुरू होते हें ओळखतां आलें, तर अर्धा रोग ओळखला असें आमचें मत आहे. यंत्र पाणी घेतें, कपडे घुसळतें, तोंपर्यंत सर्व सुरळीत असतें. मग तें मळकें पाणी बाहेर टाकूं लागतें, आणि त्याच वेळीं घरांतील दिवे एकदम जातात. पाहावें तों मीटरशेजारची कळ पडलेली. कळ वर करावी, यंत्र पुन्हा त्याच ठिकाणीं यावें, आणि कळ पुन्हा पडावी! आंत पाणी तुंबलेलें, त्यांत मुलांचे शाळेचे गणवेष, आणि आतां चार दिवस नळाला पाणी नाहीं. (सोवळें या यंत्रांत टाकावें कीं नाहीं, हा वाद येथें नको.)

पाण्यावांचून वीज बंद पडते, हें आमच्या बीड जिल्ह्यानें पाहिलेलें आहे. २०१३ सालीं आणि पुन्हा २०१५ सालीं पाण्याच्या टंचाईमुळें परळीचें औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावें लागलें होतें. न्हाणीघरांतला प्रकार याच्या उलट आहे. येथें पाणी जेथें जाऊं नये तेथें गेलें म्हणून वीज जाते.

पाणी बाहेर टाकणारा पंप यंत्राच्या तळाशीं असतो. आकारानें मुठीएवढा, आणि वीज खातो ती सुमारें तीस वॅट, म्हणजे एखाद्या लहान दिव्याइतकी. त्याच्या पोटांत एक लोहचुंबक पाण्यांतच फिरतो, व त्याला जोडलेलें पात्यांचें चक्र पाणी ढकलतें. बाहेरच्या अंगाला लोखंडाच्या पट्ट्यांवर तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. चुंबक आणि गुंडाळी यांच्यामध्यें प्लॅस्टिकचा पडदा असतो. पाण्यानें तो ओलांडावयाचा नाहीं, हा त्या दोघांतला करार. परंतु नळीच्या सांध्यांतून किंवा गाळणीच्या झांकणांतून थेंबथेंब पाणी गुंडाळीवर ठिबकूं लागलें कीं हा करार मोडतो. आमच्याकडील बोअरच्या पाण्यांत क्षार फार. तें वाळून पांढरी पुटें बसतात, आणि तीं ओलीं झालीं कीं विजेला आयती वाट मिळते. कधीं पैरणीच्या खिशांतली सुपारी किंवा केसांतला आंकडा चक्रांत अडकतो, पंप जागच्या जागीं घूं घूं करीत तापतो, व गुंडाळीवरचें रोगण जळतें. उंदरांचे प्रताप निराळेच.

आतां ही कळ कां पडते तें पाहूं. हिला वायरमन ‘आरसीसीबी’ म्हणतात. ती जमाखर्च पाहणाऱ्या कारकुनासारखी आहे. एका तारेनें जितकी वीज गेली तितकी दुसरीनें परत आली पाहिजे. मध्येंच तीस सहस्रांश अँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर एवढी तूट आली तरी ती हिशेब बंद करते. साधा फ्यूज एवढ्याशा तुटीकडे पाहतही नाहीं. त्याला सहा, दहा, सोळा अँपिअरचीच भाषा समजते. आणि माणसाचें हृदय थांबावयास त्याच्या एका अंशानेंही काम भागतें.

हें इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण असें. गेल्या वैशाखांत अंबाजोगाईस आमच्या घरीं हाच प्रकार झाला, तेव्हां आलेल्या कारागिरानें पाहतांक्षणीं उपाय सांगितला, “गुरुजी, प्लगची तिसरी तार काढून टाकूं. कळ पडायची नाहीं.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, तार काढल्यावर कळ बहुधा पडली नसती. परंतु गळणारी वीज गेली असती कोठें? ती यंत्राच्या पत्र्यावरच बसून राहिली असती, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहिलेल्या आमच्या सूनबाईंनीं त्या पत्र्याला हात लावण्याची वाट पाहिली असती. कित्येक ठिकाणीं तर ही कळच वगळून तारा सरळ जोडतात! आम्हीं त्या गृहस्थांस चहा दिला, आणि यंत्रास हात लावूं दिला नाहीं.

न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक अशा दोन परीक्षा सांगितल्या आहेत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरेंही नसतें, हा व्यतिरेक. आमच्या चिरंजिवांना आम्हीं याच वाटेनें चालावयास सांगितलें. प्लग लावतांच कळ पडत असेल तर दोष बहुधा तारेंत किंवा प्रवेशापाशींच. पाणी तापूं लागतांना पडत असेल तर तापविणाऱ्या कांडीवर संशय. आणि पाणी सोडतांनाच पडत असेल तर पंपावर. हा झाला अन्वय. एकदां पडल्यानें निर्णय करूं नये. तो काकतालीय न्यायही असूं शकतो. मग दुसऱ्या कारागिरास बोलावून, प्लग काढून, पंपाच्या तारांची जोडणी सोडविली, टोंकें नीट झांकलीं, आणि यंत्र पुन्हा पाणी सोडण्याच्या पायरीवर आणलें. पाणी अर्थात् गेलें नाहीं, पण कळही पडली नाहीं. हा व्यतिरेक. पंप दोषी ठरला. वरून कपडे टाकण्याच्या कित्येक यंत्रांत पंप नसतोच. लहानशी मोटार झडप उघडते व पाणी आपल्या भारानें खालीं जातें. त्या मोटारीसही हीच परीक्षा लागू आहे.

तुंबलेलें पाणी काढतांना मात्र घाई नको. नुसती कळ बंद करून भागत नाहीं, प्लगच काढावा. जुन्या घरांतून बटण भलत्याच तारेवर बसविलेलें आम्हीं पाहिलें आहे. पाणी कढत असल्यास निवूं द्यावें. मग गाळणीजवळची लहान नळी, ती नसल्यास मागची मोठी नळी जमिनीलगत आणून, बादल्या भरून घ्याव्या. तें पाणी अंगण धुण्यास उपयोगी पडतें, हें आमच्या भागांतल्या गृहिणींस सांगणें नको.

कारागिराच्या मल्टिमीटरनें पंपाच्या दोन टोंकांमध्यें साधारण शंभर ते दोनशें ओहम दिसावे. कांहींच मार्ग दिसला नाहीं तर आंतली तार तुटली. एक टोंक व लोखंडी पट्ट्या यांच्यामध्यें मात्र कांहींही मार्ग दिसूं नये. येथें एक फसगत आहे. मल्टिमीटर लहानशा बॅटरीवर चालतो, आणि ओली गुंडाळी एवढ्या दाबाला निर्दोष दिसून २३० व्होल्टला गळते. म्हणून ज्याच्यापाशीं पांचशें व्होल्टचा मेगर आहे तो कारागीर गांठावा. आमच्या पंपाची गळती मेगरवरच उमटली. कित्येक जण पंप उन्हांत वाळवून पुन्हा बसवितात. तो आठ दिवस चालतो आणि नवव्या दिवशीं पुन्हा तेंच! पंप नवाच घ्यावा, जुना नमुन्यादाखल दुकानीं न्यावा, आणि मूळ ठिबकणारा सांधा आधीं बांधावा.

अर्थिंगचा खड्डाही पाहावा. मीठ व कोळसा घालून केलेला खड्डा उन्हाळ्यांत कोरडा पडला कीं वीज जमिनींत नीट जात नाहीं. पिण्यास पाणी नाहीं तेथें खड्ड्यांत कोण ओतणार, हा प्रश्न खरा. परंतु भांडीं विसळलेलें एक बादली पाणी आठवड्यांतून दोनदां तेथें ओतण्यास हरकत नसावी. आणि त्या कळीवर ‘टेस्ट’ असें लिहिलेलें लहान बटण असतें. महिन्यांतून एकदां तें दाबावें. दाबतांच कळ पडली पाहिजे. न पडल्यास त्याच दिवशीं कळ बदलून घ्यावी, आणि तोंवर यंत्र लावूं नये.