हजार वॅटचा खोका

मुलांनो, परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, हजार वॅट चांगले की पन्नास वॅट?"

"अगं, कशाचे?" मी विचारलं. मग सगळं कळलं. तिच्या आजोबांना आता फारसं दिसत नाही. वाचन बंद झालं. विरंगुळा उरला तो गाणं ऐकण्याचा. तरुणपणी ते तबला वाजवायचे. म्हणून बाबांनी दोन वर्षं पैसे साठवून चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घ्यायची ठरवली. दुकानदार मात्र हजार वॅटचा खोका गळ्यात मारू बघत होता! निवड चुकली, तर पुन्हा दोन वर्षं थांबायचं.

चला, आपणही नीट समजून घेऊ. अ‍ॅम्प्लिफायर बारीकशा विद्युत संकेताला बळ देतो. स्पीकरमध्ये चुंबक असतो, तारेचं वेटोळं असतं आणि त्याला जोडलेला पडदा. वीज मागेपुढे वाहिली की पडदा मागेपुढे हलतो, हवा हलते, आवाज होतो. मोठा वूफर खर्ज काढतो, छोटा ट्वीटर बारीक, टोकदार आवाज. तबल्याच्या भाषेत बायां आणि दायां म्हणा ना!

आता वॅट. खोक्यावरचा 'पीएमपीओ' आकडा म्हणजे नुसती फुशारकी. सतत किती ताकद मिळेल, ते 'आरएमएस' आकड्यावरून कळतं. तोच बघायचा.

आणखी एक गंमत. ताकद दुप्पट केली, तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट! स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' दिलेली असते. १ वॅट दिला, तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येईल, ते ती सांगते. एकाची ८६ आणि दुसऱ्याची ८९ असेल, तर पहिल्याला जिथे १०० वॅट लागतील, तिथे दुसऱ्याला ५० पुरतात. शिवाय ओहम जुळले पाहिजेत. अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमसाठी असेल आणि स्पीकर ४ ओहमचा, तर तो तापून बिघडू शकतो.

रविवारी ती मंडळी पुन्हा दुकानात गेली. आजोबांनी आपली नेहमीची तबल्याची सीडी बरोबर नेली. दोन्ही स्पीकरचा आवाज आधी सारखा करायला लावला, कारण जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला उगाच चांगला वाटतो. मग डोळे मिटून ऐकलं. हजार वॅटवाल्यात बायां नुसता ढुमढुमत होता. पन्नास वॅटवाल्यात मनगटाची मींड कळली. निवड झाली!

घरी मात्र पहिल्या दिवशी आवाज घुमू लागला. स्पीकर कोपऱ्यात ठेवले होते ना! कोपऱ्यात खर्ज फुगतो. भिंतीपासून पुढे ओढले, दोन स्पीकर आणि आजोबांची खुर्ची असा समभुज त्रिकोण केला, आणि बायां मोकळा झाला.

तुमच्या घरचा रेडिओ किंवा स्पीकर आधी कोपऱ्यात आणि मग खोलीच्या मध्ये ठेवून ऐका बरं. काय फरक पडला, ते वहीत लिहा. आणि हो, आवाज बेतानेच ठेवा. नवा स्पीकर आणता येतो, कान नाही!