ऋण कोणी सोडायचे?

ग्लॅडिस स्टेन्स यांच्या क्षमेचे गोडवे गाणारा लेख वाचला की विचारावेसे वाटते: क्षमा त्यांनी केली, मोकळे तुम्ही कसे झालात?

जानेवारी १९९९मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे, फिलिप (१०) व तिमथी (६), गाडीत झोपले असताना जमावाने त्यांना जाळून मारले. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि पुढेही काही वर्षे बारीपाडा इथे राहून कुष्ठरुग्णांचे काम चालवले. क्षमा वेगळी आणि कायद्याची शिक्षा वेगळी, हेही त्यांनी सांगितले. आपल्या कौतुकात नेमके तेवढेच गळते. (भाषांतरात इतके गाळले असते तर मला जाब विचारला गेला असता.)

ही क्षमा ज्या प्रभूच्या प्रार्थनेतून येते, तिथे मत्तयाच्या ग्रीकमध्ये शब्द आहे ‘देणे’. ‘पाप’ लूकने लिहिले. मराठी बायबलने मत्तयात ‘ऋण’च ठेवले, आणि ते फार बरे केले. ‘क्षमा’ म्हटले की सोसणारी धरित्री आठवते; बाईने सोसावे ही तर आपली जुनीच हौस. ऋण म्हटले की हिशेब आला. ते सोडण्याचा हक्क धनकोचा. शेजाऱ्याचा नाही, सरकारचा नाही, अग्रलेख लिहिणाऱ्याचा तर नाहीच.

२०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दारा सिंगची जन्मठेप कायम केली. त्याच निकालात, हेतू स्टेन्स यांना त्यांच्या धार्मिक कामाबद्दल धडा शिकवण्याचा होता, असेही लिहिले. टीका झाल्यावर काही दिवसांतच ते शब्द वगळले. सहा वर्षांच्या तिमथीला कोणता धडा शिकवायचा होता, हे त्याच्या आईच्या प्रार्थनेला विचारू नका.