पडद्याआडचा परीक्षक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत आपली ‘केअर’ नावाची शोधपत्रिकांची यादी मोडीत काढली आणि कोणती पत्रिका विश्वसनीय मानावी याचा निर्णय विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर सोपविला. शोधपत्रिकांशी सामान्य माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. त्याने पेण आणि रोहे या दोन गावांकडे पाहावे.

पेण आणि त्याच्या शेजारची हमरापूर, जोहे ही गावे गणेशमूर्तींवर जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या कडक अंमलबजावणीचा आदेश दिला. पुढे तज्ज्ञांची मते मागविण्यात आली, आणि जूनमध्ये मूर्ती घडविण्यास मोकळीक मिळाली; नैसर्गिक जलाशयातील विसर्जनास मात्र नाही. प्लास्टर बरे की शाडू, हा वाद आम्ही येथे उकरून काढीत नाही. परंतु मंडळ काय, न्यायालय काय किंवा तज्ज्ञ काय, पाण्यात कशाने काय बिघडते हे ज्यांच्या आधारे ठरवितात त्या ज्ञानाचा मोठा भाग शोधपत्रिकांत छापलेल्या निबंधांतूनच येतो. तो निबंध छापण्यास योग्य आहे असा अभिप्राय त्या विषयातील दोन-तीन जाणकारांनी आधी दिलेला असतो. त्यांची नावे बहुधा लेखकासही कळत नाहीत. मूर्तिकाराच्या पोटाशी आणि नदीच्या पाण्याशी ज्याचा इतका निकट संबंध, तो हा परीक्षक कोणाला जबाबदार आहे?

समजा, रोह्यातील एखाद्या तरुण प्राध्यापकाने कुंडलिकेचे पाणी वर्षभर तपासून निबंध लिहिला. रोह्याला लागूनच धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे, हे सर्वश्रुत आहे. निबंध ज्याच्याकडे तपासणीस गेला तो गृहस्थ अशाच एखाद्या कारखान्याचा पगारी सल्लागार असेल, तर त्याने काय करावे? आमच्या मते त्याने पाकीट उघडताच संपादकास तसे कळवून ते परत करावे. मी निःपक्षपाती राहीन, ही त्याची खात्री कितीही प्रामाणिक असली तरी ती पुरेशी नाही. ज्याचे नाव झाकलेले आहे त्याच्या निःपक्षपातीपणाची शहानिशा करण्याचे साधन लेखकाच्या हाती नसते. लेखक आपला जुना विद्यार्थी असो वा प्रतिस्पर्धी असो, नियम हाच. विषय आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तर तेही सांगण्यात कमीपणा कसला?

याहून गंभीर गोष्ट विश्वासाची. अप्रकाशित निबंध ही परीक्षकाकडे ठेवलेली ठेव आहे. तीतील कल्पना उचलून आपल्या प्रयोगशाळेत कामास लावणे आणि तोवर अभिप्राय महिनोन्‌महिने दडपून ठेवणे, याला चोरी हाच शब्द आहे. आता तर निबंध यंत्राच्या हवाली करून त्याच्याकडूनच अभिप्राय लिहवून घेण्याची सोय झाली आहे! लेखकाने एका माणसावर ठेवलेला विश्वास त्याला न विचारता परस्पर दुसरीकडे गहाण टाकण्याचा अधिकार परीक्षकास कोणी दिला? आणि तालुक्याच्या महाविद्यालयाचे नाव पाहून नाक मुरडणारे परीक्षकही असतात. त्यांना पेणच्या मूर्तिशाळेतील पाणी किंवा रोह्याची खाडी आपल्यापेक्षा तेथील माणसाने अधिक पाहिली आहे, याची आठवण करून द्यावी लागते.

अर्थात जेथे परीक्षकच नसतो तेथील अवस्था आणखी वाईट. बढतीसाठी छापील निबंध मोजण्याची प्रथा पडली आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिकांचा बाजार उभा राहिला. पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने आयोगाच्या यादीत शिरलेल्या हजारावर पत्रिका तपासल्या. शेकडा ८८ हून अधिक निकृष्ट ठरण्यासारख्या आढळल्या. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढून टाकल्या. ‘केअर’ची योजना त्यानंतरची. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून याच आयोगाचे अध्यक्ष झाले होते. मतासाठी पद सोडणाऱ्या पुरुषाने भूषविलेल्या आयोगास पत्रिकांची खोटी पदे अशी खरवडून काढावी लागली, हा योगायोग रोहेकरांस खुपल्यावाचून राहणार नाही.

परीक्षकावर केवळ आसूड ओढणे अन्यायाचे होईल. हे काम बहुधा विनावेतन असते, रात्री जागून करावयाचे असते, आणि कोणत्याही बढतीत त्याची गणना होत नाही. फुकट घेतलेल्या कामाचा हिशेब कडकपणे मागता येत नाही, हे संपादकांनी ओळखावे. यादी गेली असल्याने आता जबाबदारी विद्यापीठांची आहे. पेण-रोह्याची महाविद्यालये ज्याच्या छत्राखाली आहेत त्या मुंबई विद्यापीठाने तीन गोष्टी कराव्यात: प्रामाणिक परीक्षणाची नोंद प्राध्यापकाच्या सेवेत घ्यावी, निबंधाबरोबर परीक्षकांचे अभिप्राय, हवे तर नावे झाकून, छापणाऱ्या पत्रिकांना अधिक मान द्यावा, आणि हितसंबंध लपवून अभिप्राय दिल्याचे सिद्ध झाल्यास तो सेवेतील गैरवर्तनाचा प्रकार समजावा. यांतील पहिल्या गोष्टीस नवा पैसाही लागत नाही. ती येत्या शैक्षणिक वर्षापासूनच सुरू करता येईल.